कासवाला बिल्ला की ट्रान्समीटर?

जानेवारी 2022 मध्ये कोकणातल्या वेळासला 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासव मादीच्या पाठीवर ट्रान्समीटर चिकटवला. कासव श्वासाला वर आलं, अँटेना पाण्याबाहेर आली, की उपग्रहाला संदेश जातो. बुडी मारली की शांत. मार्ग घरबसल्या नकाशावर दिसतो. पण यंत्र महागडं, आणि बॅटरी संपली किंवा ते गळून पडलं की गोष्ट अर्धवट.

कासवाच्या वल्ह्यासारख्या पायावर लावायचा धातूचा बिल्ला साधा, स्वस्त. नुसता नंबर. शेकडो कासवांना लावायचा तर मी हाच निवडेन. कासव पुन्हा सापडलं तरच तो बोलतो, पण काय बोलतो! 2021 मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली मादी 2025 मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना दिसली. मधली वर्षं ती कुठे भटकत होती, ते मात्र बिल्ल्याला विचारू नका.