फोरक्लोजरचे जादा पैसे परत मागायचे कुठे: बँक, लोकपाल की ग्राहक आयोग?

घरकर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, की शेवटच्या हिशेबात ‘फोरक्लोजर चार्जेस’ अशी एक ओळ येते. १२ लाख बाकी आणि २ टक्के आकारणी धरली, तर २४,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटीचे ४,३२०. घराची कागदपत्रं सुटावीत म्हणून माणूस मुकाट्याने भरतो. पुढे कुणीतरी सांगतं, ‘अरे, हे घेताच येत नाही.’ बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात त्यात आणखी एक गुंता असतो: घर कर्नाटकात आणि कर्ज कोल्हापूरच्या शाखेचं.

आधी हक्क पक्का करा. कर्ज व्यक्तीच्या नावावर आणि व्याजदर बदलता असेल, तर रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ लाच व्यापारी बँकांना घरकर्जावर हे शुल्क घ्यायला मनाई केली. ७ मे २०१४ पासून व्यक्तींची बदलत्या दराची सगळीच मुदत कर्जं त्यात आली. पैसे पदरचे की दुसऱ्या बँकेचे, याने फरक पडत नाही. फिक्स्ड दराच्या कर्जाचं मात्र वेगळं आहे. करारात शुल्क लिहिलेलं असेल तर तुमची बाजू लंगडीच.

धंद्याच्या कर्जावर हे शुल्क वर्षानुवर्षं बिनबोभाट घेतलं गेलं. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांना मात्र नवे नियम लागू आहेत. बेळगावच्या उद्यमबागेतला छोटा फौंड्रीवाला किंवा वडगावचा यंत्रमागवाला व्यापारी बँकेचं असं कर्ज आधी फेडत असेल, तर त्याच्याकडूनही शुल्क घेता येत नाही. स्मॉल फायनान्स बँक किंवा ग्रामीण बँक असेल तर ही सूट ५० लाखांपर्यंतच्या कर्जाला. शिवाय जे शुल्क मंजुरीपत्रात किंवा मुख्य माहितीपत्रकात सांगितलंच नव्हतं, ते शेवटी अचानक लावता येत नाही. जुन्या धंदा-कर्जाला या नियमांचा आधार नाही, त्यामुळे तिथे फार आशा धरू नका.

आता तीन वाटा. पहिली बँकेचीच, आणि ती टाळता येत नाही. शाखेत तोंडी बोलणं म्हणजे काहीच न करणं. मॅनेजरची बदली होते आणि सगळं हवेत जातं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या किंवा ईमेल करा. कर्ज खाते क्रमांक, बदलत्या दराचा उल्लेख असलेलं मंजुरीपत्र, फोरक्लोजर लेटर, शुल्काची पावती जोडा आणि परत मागताना जीएसटी विसरू नका. नियम इतका उघड असतो की बऱ्याचदा अर्ज वरच्या कार्यालयात पोचला की पैसे सुटतात. खर्च शून्य.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर दुसरी वाट: रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी. तक्रार ऑनलाइन करता येते किंवा पत्राने चंदीगडच्या केंद्रीय कार्यालयात पाठवता येते. फी नाही, आणि वकिलामार्फत तक्रार चालतच नाही. म्हणजे कर्जदार आणि बँक निदान इथे तरी एका पातळीवर येतात. चौकशीसाठी १४४४८ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, जे आपल्याकडच्या थोड्याच सरकारी खिडक्यांवर शक्य आहे. साध्या, कागदावर सिद्ध होणाऱ्या प्रकरणाला मी हीच वाट धरायला सांगेन. मात्र हाऊसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल, तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या पोर्टलवर करायची. लोकांचा गोंधळ इथेच होतो, कारण नावात ‘फायनान्स’ असलेल्या सगळ्या कंपन्या त्यांना सारख्याच वाटतात.

तिसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. ती लांबते, तारखा पडतात. पण दर बदलता होता की फिक्स्ड यावरच वाद असेल, तर हीच वाट बरी. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा लावता येतो. म्हणजे खानापूरकराने पुण्याच्या शाखेविरुद्ध बेळगावात दावा लावला तरी चालतो. तिथलं कामकाज कन्नड किंवा इंग्रजीत, तेव्हा मराठी कागदांचं भाषांतर करून घ्यावं लागतं. कर्ज कोल्हापूर शाखेचं असेल तर निपाणीकराने कोल्हापूरच धरावं. ते जवळही आहे आणि तिथे मराठी चालते. चंदगडच्या माणसाचं कर्ज बेळगावच्या शाखेचं असलं तरी त्यालाही कोल्हापूरचाच आयोग सोयीचा. वकील सक्तीचा नाही. धंद्याचं कर्ज असेल तर मात्र ‘तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेप पहिल्याच तारखेला येतो.

या वाटांचा क्रम मात्र चुकवू नका. प्रकरण आयोगात किंवा कोर्टात गेलं की लोकपाल ते हातात घेत नाहीत. उलट लोकपालांकडे काही हाती लागलं नाही, तर आयोगाचं दार उघडं असतं. फक्त आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तुम्ही पैसे भरल्यापासून मोजली जाईल असं धरून चाला. बँकेच्या ‘बघतो, बघतो’मध्ये ती गेली तर उशीर माफ होईलच याची खात्री नाही.

सौहार्द सहकारी (कर्नाटकातल्या वेगळ्या कायद्याखालची सहकारी संस्था) किंवा क्रेडिट सोसायटीचं कर्ज असेल तर वरचं बहुतेक गैरलागू. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे हे नियम चालत नाहीत. कर्नाटकच्या १९५९ च्या सहकार कायद्याखालची संस्था असेल तर कलम ७० खाली वाद सहकार निबंधकांकडे जातो. बहुराज्य संस्था असेल तर २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या सहकार लोकपालांकडे विचारून बघावं.

पैसे परत मागताना कागदपत्रांकडेही लक्ष ठेवा. सगळं कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ दस्त परत देणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं ही बँकेची जबाबदारी. १ डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. शुल्काच्या २८,३२० पेक्षा हा आकडा आठवड्यात मोठा होतो, म्हणून दस्त अडले असतील तर अर्जात तो मुद्दा पहिला लिहा. सब-रजिस्ट्रारकडची ई.सी. (मिळकतीवर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) काढून बोजा खरंच गेला का तेही बघा. शाखेने दिलेल्या नो ड्यूजच्या, म्हणजे बाकी नसल्याच्या, दाखल्यावर विसंबून राहू नका.