बाबांच्या गुडघ्याला जमेल अशी खाट: ईकोच्या कॅम्परचे आठ महिने

पोळा झाला, म्हणजे आमची गाडी, आत झोपता येईल अशी केलेली मारुतीची ईको व्हॅन, तयार होऊन आठ महिने भरले. एवढ्या दिवसांत तिच्यात एकूण एकेचाळीस रात्री झोपलो. त्यातल्या पंचवीसेक रात्री शेतातल्या जागलीच्या, म्हणजे पिकाच्या राखणीच्या, बाकीच्या प्रवासातल्या. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमची कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि सोयाबीन. सुतारकाम, वायरिंग यातलं मला आधी काहीही येत नव्हतं. ज्यांना एखादी लहान व्हॅन घेऊन हे काम घरच्या घरी करायचं आहे, त्यांच्यासाठी जे टिकलं आणि जे काढून फेकावं लागलं ते सगळं लिहितो.

कारण बाबांचं. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. आयुष्यभर कास्तकारी केली, गडचिरोलीतल्या मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा बघायची राहून गेली. एसटीत पाय दुमडून सहा-सात तास बसणं त्यांना आता जमत नाही आणि लॉजच्या जिन्याचं तर ते नावही काढू देत नाहीत. तेव्हा दर दोन तासांनी थांबून पाय पसरता येतील अशी गाडी हवी होती. सोयाबीनचे पैसे आले तेव्हा दुसऱ्या हाताची पाच सीटर ईको घेतली, पेट्रोलवरची, पांढरी. पांढरा रंग मुद्दाम बघून घेतला. आपल्याकडच्या उन्हात गडद रंगाचं छत हात लावू देत नाही.

मागची सीट काढण्याआधी आरटीओत जाऊन विचारलं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवर जी माहिती लिहिली आहे तिच्याशी गाडी जुळलीच पाहिजे, आणि सीट कमी करायची तर आधी मंजुरी आणि मग नोंद. त्यात तीन चकरा आणि महिनाभर गेला, पण विम्याच्या वेळी तोंड लपवायची पाळी येणार नाही. विमावाल्यालाही कळवलं. हे टाळून काम करणारे खूप भेटतात. मी तरी कोणाला तसा सल्ला देणार नाही.

आता खाट. गावातल्या मिस्त्रीकडून बारा एमएमच्या पाणी सोसणाऱ्या प्लायची करून घेतली, खाली सामानाचे तीन कप्पे. उंची चौदा इंच ठेवली, कारण कप्पे मोठे हवे होते. तीन इंचांची गादी टाकली आणि बाबांना बसवलं, तर डोकं छताला टेकलं. गाडीत खालपासून छतापर्यंत जेमतेम चार फूट जागा. त्यातले सतरा इंच खाटेने खाल्ले तर उरतात एकतीस, आणि माणसाला ताठ बसायला पस्तीस-छत्तीस लागतात. बाबा मान वाकडी करून म्हणाले, "बाबू, मले बसाले जागा पायजे, सामानाले नाही." दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेऊन पाय कापले, सात इंचांवर आणली. कप्पे लहान झाले आणि सामान आपोआप कमी झालं. आज मला वाटतं, त्या सात इंचांत आमची निम्मी सोय आहे. तुम्ही खाट करण्याआधी गादीसकट उंची धरा आणि ज्यांना झोपवायचं त्यांनाच बसवून मोजा. लांबी मला पुरते, माझ्या सहा फुटी मेहुण्याला पुरत नाही. तो तिरका झोपतो.

सरकत्या दारातून चढताना मात्र खाट जमिनीपासून अडीच फुटांवर येते. त्यासाठी सागाचा एक पाट केला, आठ इंच उंच, खाली टायरच्या रबराचे तुकडे ठोकलेले. दीडशे रुपयांचं काम. पूर्ण गाडीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू हीच.

उष्णतेचं जरा सविस्तर सांगतो, कारण विदर्भात कॅम्पर करायचा म्हणजे खरी लढाई तिच्याशीच. इंटरनेटवर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक थंड मुलखातले असतात, त्यांना गाडी गरम ठेवायची असते. ते बघून मी छताला आतून चांदीसारखा चमकणारा बबलचा कागद चिकटवला, थेट पत्र्यावर. चमकत्या कागदासमोर मोकळी हवा असली तरच तो उष्णता परत फेकतो. पत्र्याला घट्ट चिकटवला की त्याचा उपयोग फारसा राहत नाही. आणि एप्रिलमध्ये गोंद वितळून तो आमच्या अंगावर लोंबू लागला. तो सगळा काढला. यवतमाळच्या एका सीट कव्हरवाल्याने उष्णता सोसणारं सोल्युशन लावून दहा एमएमचा एक्सएलपीई, म्हणजे पॉलिथिनचा फोम बसवून दिला. तो अजून जागचा हलला नाही.

पण खरा फरक पडला तो फोमने नाही, सावलीने. कॅरिअरवर १८० वॅटचा सोलर पॅनल बसवला तेव्हा छत आणि पॅनल यांच्यात चार इंचांची फट ठेवली. त्या फटीतून हवा खेळते आणि छताचा मोठा भाग दिवसभर सावलीत राहतो. काचांना आतून पडदे लावून काही होत नाही, ऊन काचेतून आत आलेलं असतं. आम्ही जुन्या पोत्यांवर पांढरं कापड शिवून काचांच्या बाहेरून लावतो, दाराच्या फटीत अडकवून. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी तीन वाजता गावात उभ्या गाडीत थर्मामीटर ठेवून बघितलं. काचा न झाकता ठेवल्या त्या दिवशी ५४ अंश, बाहेरून झाकल्या त्या दिवशी ४७. बाहेरची हवाच ४५ होती, म्हणजे सत्तेचाळीस हे जवळजवळ झाडाखालचंच तापमान.

रात्रीसाठी वाळ्याची ताटी केली. घरच्या कूलरला लावतो तीच, कापून सरकत्या दाराच्या उघड्या भागात बसेल अशा चौकटीत बसवली. वर भोकं पाडलेला नळीचा तुकडा, त्यात थेंब थेंब पाणी, आतून बारा व्होल्टचा पंखा हवा ओढतो. मागचं दार चार इंच उघडं आणि त्यावर मच्छरदाणीचं कापड, कारण आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर कूलर गारवा देत नाही, नुसता दमटपणा देतो. एका रात्रीला दहा लिटर पाणी लागतं. मे महिन्यात कोरड्या हवेत याने जी झोप लागते तिला तोड नाही. आई पहिल्या रात्री म्हणाली, "माहेरच्या अंगणासारखा वास येते." मृगाचा पाऊस पडला की ताटी निरुपयोगी. हवेतच ओल असली तर पाणी उडत नाही. तेव्हापासून फक्त पंखा.

विजेच्या कामात माझी एक मोठी चूक झाली. घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिडची बॅटरी पडून होती म्हणून तीच खाटेखाली ठेवली. पन्नास किलोच्या वर वजन, आणि चार्ज होताना ही बॅटरी हायड्रोजन सोडते. बंद गाडीत माणूस झोपलेला असताना हे चालत नाही. पंधरा दिवसांत काढली. मग शंभर अँपिअर-आवरची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, १२.८ व्होल्टची. हिशेबाने १२८० वॅट-आवर होतात आणि त्यातली बहुतेक वापरता येते. लेड-ॲसिडची निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. आमचा पंखा, दोन दिवे, मोबाइल आणि बाबांचा रेडिओ मिळून रात्रीला तीनशे वॅट-आवरही जात नाहीत. दोन दिवस ढग असले तरी अडचण येत नाही.

मे महिन्यात मात्र ही बॅटरी दुपारी चार्जिंगच घेईना. विकणाऱ्याने फोनवर बॅटरी बदलायला लागेल म्हणून सांगितलं आणि पुन्हा फोन उचलला नाही. दोन दिवस मी हवालदिल होतो, अठ्ठावीस हजारांची वस्तू. शेवटी कळलं की तिच्या आतलं सर्किट उष्णतेमुळे चार्जिंग बंद करत होतं, आणि ते बरोबरच होतं. मी बॅटरी मागच्या काचेजवळ उन्हात ठेवली होती. खाटेखाली मधोमध, फरशीला लागून, बाजूला भोकं पाडलेल्या पेटीत आणली. तेव्हापासून एकदाही बंद पडली नाही.

फ्यूजबद्दल जीव तोडून सांगतो. बॅटरीच्या प्लसला लागून, हातभराच्या आत फ्यूज बसवा. जुलैत गाडी शेतात आठ दिवस उभी होती, उंदरांनी पंख्याची वायर कुरतडली, तार पत्र्याला लागली. फ्यूज उडाला आणि विषय संपला. तो नसता तर गाडी गेली असती, आणि आम्ही आत झोपलेलो असतो तर काय झालं असतं ते मनात आणवत नाही. त्यानंतर सगळ्या वायरी जाड पाइपातून नेल्या.

स्वयंपाकाचा ओटा काढून टाकला. सिंक होतं, छोटा पंप होता, फुलांच्या नक्षीचा सनमायका होता. दोनदा वापरला. फोडणीचा वास गादीतून तीन दिवस जात नाही. आता मागचं दार वर उघडलं की तेच छप्पर होतं, त्याखाली स्टुलावर शेगडी आणि पाच किलोचं सिलिंडर. वांगी शेकून भरीत करतो, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर, सोबत भाकरी घरून आणलेल्या. झोपताना सिलिंडर बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीवरच साचतो, आणि आपली खाट तिथून सात इंचांवर. बंद गाडीत शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली कधीच ठेवू नका, डिसेंबरात कितीही थंडी वाजली तरी. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो.

थंडीत, आणि पावसात तर जास्तच, काचांना आतून पाणी सुटतं. तिघांच्या श्वासाचं ते पाणी. दोन बोटं काच उघडी ठेवली की थांबतं.

मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पोचलो. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वाहते, म्हणून त्या जागेला एवढं महत्त्व. चामोर्शीकडच्या एका शेतकऱ्याने कापलेल्या धानाच्या बांधीत गाडी लावू दिली. पहाटे तीनला जाग आली तर बाबा जागेवर नव्हते. सरकतं दार अर्धं उघडं, बाबा खाटेच्या कडेला बसलेले, पाय पाटावर, दुपट्टा कानाभोवती बांधलेला. लांब यात्रेकरूंच्या चुली पेटलेल्या दिसत होत्या आणि देवळाकडून भजन ऐकू येत होतं. "झोपले नाही का बाबा?" म्हटलं. म्हणाले, "झोपून काय करू, इतक्या वर्षानं आलो." उजाडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. एका खोलीत झोपूनही आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो.

नंतर लोणार झालं, मे महिन्यात चिखलदरा झालं. चिखलदऱ्याला ११०० मीटरच्या आसपास उंची, तिथे ताटी लागलीच नाही, उलट चादर घेतली. घाटात मात्र गाडी जड वाटते. कॅरिअर, पॅनल आणि सामानामुळे ॲव्हरेज लिटरमागे दीड किलोमीटरने उतरलं. नागपूरला बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीन दिवस आई आणि मी दवाखान्याच्या आवारात गाडीतच राहिलो.

कुठे मुक्काम करायचा यावर एक विनंती. टिपेश्वर, ताडोबा, मेळघाटच्या आसपास जंगलालगत गाडी लावून झोपू नका. वाघ, बिबट, अस्वल सगळं तिथे आहे आणि वनखात्याचे नियमही आहेत. जवळच्या गावात जा, पोलीस पाटलाला भेटा, देवळाजवळ किंवा शाळेजवळ जागा विचारा. आम्हाला आजवर कोणी नाही म्हटलं नाही, दोन ठिकाणी तर जेवायलाच नेलं.

उणीव सांगायची तर संडास-बाथरूमची. माझ्या बायकोचं स्पष्ट मत आहे की हे नसताना मी गाडीला पूर्ण म्हणू नये, आणि ते खरं आहे. पेट्रोल पंप आणि भक्तनिवास यांच्या हिशेबानेच बायकांना प्रवास आखावा लागतो. उभा राहणारा छोटा तंबू आणि बादलीची सीट असं काही आणतोय, अजून वापरलेलं नाही म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

दुसरी उणीव पावसाळ्याची. आपली काळी माती ओली झाली की ही गाडी तिच्यात जागेवर बसते. ऑगस्टमध्ये जागलीला नेली आणि धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, वीस पावलांवर मागची चाकं अर्धी आत गेली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. आता पाऊस असला की गाडी डांबरी रस्त्यावर आणि मी पायी शेतात. हिवाळ्यात मात्र हरभऱ्याच्या जागलीला तिच्यासारखं काही नाही. मचाणावर रात्रभर कुडकुडण्यापेक्षा आत बसावं, रोही (नीलगाय) किंवा डुकरांची चाहूल लागली की दिवा मारावा.

खर्च: प्लाय, मिस्त्री आणि गादी मिळून सोळा हजार. बॅटरी अठ्ठावीस, पॅनल आणि कंट्रोलर साडेबारा, फोम बसवणीसकट साडेसहा, वायर, फ्यूज, पंखा, दिवे पाच. अडुसष्ट हजार झाले. ओटा, बबलचा कागद, पंप यांत वाया गेलेले नऊ हजार वेगळे.

पाऊस ओसरला की सरकत्या दाराच्या बाजूला ताडपत्रीचं ओढून घेता येणारं छत करायचं आहे. बाबांनी त्याची उंची आधीच सांगून ठेवली आहे: पाटावर उभं राहिल्यावर डोक्याला लागलं नाही पाहिजे.