छोट्या उपग्रहावर आयपी की एएक्स.२५?

विद्यापीठात बनणाऱ्या क्यूबसॅटचा (छोट्या घनाकृती उपग्रहाचा) जमिनीशी बोलायचा नेहमीचा मार्ग म्हणजे एएक्स.२५, हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा जुना प्रोटोकॉल (डेटा पाठवायचे नियम). प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या गठ्ठ्यात, कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) जातं, त्यामुळे जगात कुठल्याही हौशी माणसाच्या अँटेनाला तुमचा उपग्रह ओळखता येतो. हा फायदा मोठाच. पण फ्रेममध्ये डेटा साधारण २५६ बाइट, आणि एक बिट बिघडला की अख्खी फ्रेम कचऱ्यात.

दुसरीकडे आयपी, म्हणजे इंटरनेटचा प्रोटोकॉल. २००३ मध्ये गेलेल्या ब्रिटिश यूके-डीएमसी उपग्रहाने फोटो खाली पाठवायला तोच वापरला. चाचणीसाठी सिस्कोचा राउटरही सोबत होता. गंमत अशी, की आयपी चाललं, त्यावर चालणाऱ्या, पाकिटं पोचल्याची पोच मागणाऱ्या टीसीपीचं मात्र जमण्यासारखं नव्हतं. खाली येणारा वेग सेकंदाला ८.१ मेगाबिट, वर जाणारा फक्त ९.६ किलोबिट! दर दोन पाकिटांमागे ४० बाइटची पोच म्हटली, तरी पूर्ण वेगाला वरच्या दिशेने सेकंदाला शंभरेक किलोबिट लागतात. म्हणून यूडीपीवर (टीसीपीचा पोच न मागणारा साधा भाऊ) चालणारं साराटोगा हे फाइल पाठवायचं प्रोटोकॉल आलं: उपग्रहाने भरधाव ओतत राहायचं, जमिनीने फक्त राहिलेल्या तुकड्यांची यादी वर धाडायची. उपग्रह जेमतेम दहा मिनिटं डोक्यावर असतो, तेव्हा हेच शहाणपणाचं.

माझं मत? ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला साधारण ९६०० बिटांच्या संथ वेगावर, नुसतं तापमान, बॅटरीची स्थिती पाठवायची तर दर पाकिटामागे आयपी-यूडीपीच्या शीर्षकाचे २८ बाइट उगाच कशाला वाहायचे? एएक्स.२५ पुरे. फोटो उतरवायचे असतील तर आयपी घ्या. जमिनीवरची सॉफ्टवेअरं तरी आयती मिळतात.