आंब्याची खोकी आणि आमचे नवे ऑडिटर

भांडुपला एलबीएस मार्गालगत इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. पुठ्ठ्याची खोकी बनवतो, तीन प्लाय, पाच प्लाय, म्हणजे तितक्या थरांची, मागाल ती. धंदा सासऱ्यांनी सुरू केला, आता मी बघते. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, त्यामुळे उलाढाल कितीही असो, ऑडिट सुटत नाही. आधीच्या ऑडिटरांची पाच वर्षं २०२४च्या एजीएमला, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेला, संपली आणि आम्ही फोर्टातली एक फर्म नेमली. त्यांचं पहिलं वर्ष २०२५मध्ये पार पडलं. नाव कुणाचंच देत नाही, कारण पुढे कुरकुरही आहे.

आधीच्यांकडे पद्धत अशी, की सप्टेंबरात फाइलींच्या पिशव्या टॅक्सीत घालून पाठवायच्या, आठवड्याभराने सह्या होऊन परत. पाच वर्षांत त्या ऑफिसातल्या एकाही माणसाने गाळ्यात पाऊल टाकलं नाही. मला ते सोयीचंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

नवे ३१ मार्च २०२५लाच हजर. आदल्या दिवशी पाडवा, त्या दिवशी ईद, निम्मे कामगार सुट्टीवर, आणि साडेनऊला दोन आर्टिकल, म्हणजे सीएकडची शिकाऊ पोरं, दारात, एक मुलगा, एक मुलगी. स्टॉक मोजायला आलो म्हणे. क्राफ्ट म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद. आमच्या स्टोअरच्या यादीत लिहिलं होतं, ‘क्राफ्टची अर्धी रिळं ११’. मुलीने मोजायची टेप मागितली. भरलेलं रीळ १०० सेंटिमीटर व्यासाचं, समोरचं ५०. आमचा स्टोअरवाला म्हणाला, बघा, बरोब्बर अर्धं. तिने यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन वर्तुळं काढून दाखवली: व्यास अर्धा झाला की कागद पाव उरतो, मधली नळी वजा केली तर त्याहूनही कमी. सहाशे किलोच्या रिळाचे आम्ही तीनशे धरले होते. काट्यावर चढवलं, १४७ किलो. अकराच्या अकरा रिळं मग काट्यावर गेली. किती वर्षं आम्ही नसलेला कागद ताळेबंदात दाखवत होतो, देव जाणे. पोरीने पहिल्या तासात मला मॅडम म्हटलं आणि जेवणाच्या वेळी काकू. दोन्ही चाललं.

जूनमध्ये खुद्द सीए आले. मी व्हाउचरच्या फाइली काढून ठेवल्या होत्या, त्यांनी हात लावला नाही. पहिला प्रश्न, “यंदा आंब्याचं काय झालं?”

आम्ही वाशीच्या व्यापाऱ्यांसाठी हापूसची खोकी छापतो. मार्चअखेरीला ढीग छताला टेकलेला असतो. त्यात त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत आला, इतका लवकर पावसाळा मी तरी पाहिला नाही. सीझन आटपला आणि बराच माल पडून राहिला. ते म्हणाले, ऑडिटच्या मानकांत ३१५ नंबरचं एक आहे, त्यात कंपनीबरोबर तिच्या भोवतालचीही माहिती घ्यावी लागते, बाजार, कायदे, गिऱ्हाइकं, सगळं. आकडा कुठे चुकू शकतो हे त्याशिवाय कळत नाही. मग म्हणाले, पडून राहिलेल्या खोक्यांची किंमत कमी करावी लागेल.

इथे मी भांडले. ३१ मार्चला पाऊस कुठे होता? त्या दिवशी तो माल चांगलाच होता की! त्यांनी ऐकून घेतलं आणि ढिगाचे दोन भाग पाडायला लावले. त्या सीझनच्या ऑर्डरी हातात असताना बनवलेला माल उत्पादनखर्चाला राहिला. पण मागच्या सीझनची, जुन्या छपाईची जी खोकी पाठीमागे रचली होती, ती मार्चमध्येही कोणी घेत नव्हतं. ती रद्दीच्या भावाला. खर्च किंवा विकून येईल ती रक्कम, यातली कमी ती धरायची, हा नियम मला माहीत होता. कुठल्या खोक्याला लावायचा हे पहिल्यांदा कळलं.

कागदाच्या भावाचंही त्यांनी नीट विचारलं. आमचा क्राफ्ट रद्दीपासून बनतो आणि बरीचशी रद्दी परदेशातून येते. चीनने २०२१पासून बाहेरची रद्दी घेणं पूर्ण बंद केलं, तर तिथल्या कारखान्यांसाठी आपल्या मिलचा माल जायला लागला आणि इकडे आमचे भाव भडकले. ते वर्ष मी विसरणार नाही. आधीच्या ऑडिटरांनी त्या वर्षी फक्त एवढंच विचारलं होतं की नफा कमी का.

बाकीचं थोडक्यात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती एंट्री कधी बदलली याची नोंद राहते, त्या एडिट लॉगमध्ये मार्चची एक एंट्री ९ एप्रिलला रात्री बदललेली सापडली. आमच्या अकाउंटंट काकांचा चेहरा पडला. भानगड काही नव्हती, बिलाची तारीख चुकली होती. छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका छोट्या कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे गेले आणि मार्चअखेर थकलेलेच होते, तो खर्च आयकराच्या ४३बी(एच) कलमामुळे त्या वर्षी वजा मिळाला नाही. स्टार्चवाला नुसता व्यापारी, त्याला ते कलम लागू नाही, त्याच्यापुरते सुटलो. आगीच्या पॉलिसीत पुराचं कव्हर आहे का तेही पाहिलं. २६ जुलै २००५ला गाळ्यात कमरेइतकं पाणी होतं, मला सांगायची गरज नव्हती, पण विचारलं याचं बरं वाटलं.

ऑगस्टअखेर अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला. आमचं एक मोठं गिऱ्हाईक कपडे एक्स्पोर्ट करतं. दुसऱ्याच आठवड्यात, त्यांच्याकडून आम्हाला किती येणं आहे याची खात्री करणारं पत्र ऑडिटरांनी थेट त्यांना पाठवलं, उत्तरही आमच्या हाती न देता स्वतःकडे मागवलं. गिऱ्हाइकाचा मला फोन, “काय ताई, विश्वास उडाला का?” समजूत घालता घालता नाकी नऊ आले. असं पत्र जाणार आहे हे मी आधीच गिऱ्हाइकाच्या कानावर घालायला हवं होतं.

मग जीएसटी. २२ सप्टेंबरपासून खोक्यांवर १२चे ५ टक्के झाले आणि क्राफ्टवर १२चे १८. सगळे अभिनंदन करत होते, दर उतरला म्हणून! सीए साहेबांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. महिन्याला १० लाखांचा कागद घेतला तर कर १ लाख ८० हजार, १४ लाखांची खोकी विकली तर वसूल ७० हजार. १ लाख १० हजार दर महिन्याला अडकणार, रिफंड मागत बसायचं. पूर्वी याच हिशेबात आम्ही वर ४८ हजार भरत होतो. हे मागच्या वर्षाच्या ऑडिटमध्ये येत नाही, तरी त्यांनी सांगितलं, आणि मी त्याच आठवड्यात बँकेत सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा, वाढवायला गेले.

आता कुरकुर. फी आधीच्यांच्या अडीचपट, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि टॅक्सीचं बिल वेगळं, हे कोटेशनमध्ये बारीक अक्षरात. कागदपत्रांची तीच यादी व्हॉट्सअॅपवर तीनदा आली. ती हुशार मुलगी ऑगस्टमध्ये परीक्षेच्या रजेवर गेली आणि नव्या मुलाला फ्लूट म्हणजे पुठ्ठ्यातला नागमोडी थर, इथपासून शिकवलं. २५ सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची, म्हणजे आयकरासाठीच्या वेगळ्या ऑडिटची, तारीख महिनाभर पुढे गेली, तशी मंडळी एकदम गार पडली. आमची एजीएम मात्र ३०लाच होती! दोन दिवस फोन उचलले नाहीत. सही आणि यूडीआयएन (सीएच्या सहीबरोबरचा ओळख क्रमांक) २९ला रात्री साडेदहाला आले.

पाचपैकी चार. नुसती सही हवी असेल तर यांच्याकडे जाऊ नका, महाग पडेल.

रद्दीच्या भावाला लावलेली ती जुनी खोकी दिवाळीला फराळ पाठवायला कामी आली. एक फोर्टातही गेलं, आत चकल्या, बाहेर ‘देवगड हापूस’. सीए साहेबांचा मेसेज आला, “काकू, चकल्या उत्तम. हे खोकं स्टॉकमधून कमी केलंत ना?”