वाढत्या अंगाचे कपडे आता पुरे: लहान चणीच्या माणसानं आधी जीम लावावी की टेलर गाठावा?

भाच्याची पहिली नोकरी, पहिला पगार, आणि गोव्यातल्या फोंड्याहून फोन. "मामा, जीमची वर्षाची फी एकदम भरू की आधी चार बरे शर्ट घेऊ? दोन्ही नाही जमणार." उंची ५ फूट ४ इंच, वजन ५० किलो, मनगट माझ्यासारखंच बारीक. मीही त्याच चणीचा, तिशीपर्यंत त्याच वजनावर काढलेली, म्हणून फोनवर जे घाईत सांगितलं ते इथं नीट लिहितो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीये.

आपल्याकडे बारीक मुलाला लहानपणापासून वाढत्या अंगाचे कपडे घेतात. गणेश चवथीला घेतलेला शर्ट पुढच्या चवथीलाही व्हायला पाहिजे, आईचं गणित बरोबरच होतं, पैसे मोजके होते. पण अंग काही तेवढं वाढलं नाही आणि सवय मात्र राहिली, नोकरीला लागलो तरी मी मिडीयमच उचलायचो, वाटायचं सैल घातलं की हाडं झाकली जातात. नाही झाकली जात. सैल शर्टात बारीक माणूस आणखी बारीक दिसतो, कापड केवढं आणि आत माणूस केवढा हे लांबूनच कळतं. काडी पैलवान हा शब्द मी खूप ऐकलाय आणि तो लागतो.

आता निवडायचं कसं ते बघू. कपड्यांचा फरक त्याच संध्याकाळी दिसतो. जीमचा फरक दुसऱ्याला दिसायला सहा-आठ महिने जातात, नवीन माणसाचं वजन नीट खाऊन-झोपून महिन्याला अर्धा ते एक किलो वाढलं तरी खूप झालं. आणि या सहा-आठ महिन्यांत तुम्ही रोज ऑफिसला काय घालून जाणार? "आधी बॉडी बनवतो मग कपडे घेतो" म्हणणारे बरेच जण बघितलेत, मीही त्यातलाच, आणि त्यात वर्षं जातात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या पगारातून दोन शर्ट आणि एक पँट अंगाला बसणारी करून घ्या, वर्षाची फी भरू नका, महिन्याची किंवा तीन महिन्यांची भरा. जीम पुढे ढकला असं मी म्हणत नाहीये, फक्त मोठी रक्कम आधी तिथं अडकवू नका.

कपड्यात तीन वाटा आहेत. रेडिमेड जसं आहे तसं घालणं, रेडिमेड घेऊन अल्टर करणं, आणि कापड घेऊन शिवून घेणं. पहिली वाट आपल्यासाठी जवळजवळ बंदच समजा. कंपन्यांचा स्मॉल हा ३८ छातीच्या आसपासच्या माणसासाठी कापलेला असतो, आपली छाती ३४, म्हणजे बगलेत आणि पोटावर कापडाचा फुगा ठरलेला. काही ब्रँडमध्ये एक्स्ट्रा स्मॉल किंवा ३६ मिळतो, मिळाला तर सोडू नका, पण दुकानात तो साईज मागवावा लागतो आणि कितीदा "संपला" हेच ऐकायला मिळतं. मुलांच्या सेक्शनमधले १५-१६ वर्षांचे शर्ट पण मी घालून बघितलेत, खांदा बसतो पण लांबी कमी पडते, हात वर केला की बेंबी दिसते, आणि पँटचं तर नावच काढू नका.

दुसरी वाट, अल्टर करणं. इथं एकच नियम पाठ करा, खांदा बसला तरच शर्ट घ्यायचा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला पाहिजे, तिथून अर्धा इंच खाली उतरली तर चालवून घेऊ, एक इंच उतरली तर शर्ट परत ठेवा, मग तो कितीही स्वस्त असो. बाजू आत घेणं, लांबी कमी करणं, बाही बारीक करणं ही अर्ध्या तासाची कामं, कुठलाही टेलर करून देतो. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही पूर्ण उसवायची, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो बगलेचा घेर, नव्यानं कापायचा, परत जोडायची, चांगले टेलर सुद्धा त्याला नको म्हणतात आणि केलं तरी शर्टाचा तोल जातो. मी एकदा लग्नासाठी ब्लेझर घेतला, दुकानवाला म्हणाला खांदा आम्ही करून देतो, करून दिला आणि बाहीला दोन्हीकडे अशा चुण्या आल्या की तो मी लग्नातच एकदा घातला तेवढाच.

ऑनलाईन घेणार असाल तर अक्षरांवर जाऊ नका, स्मॉल म्हणजे प्रत्येकाचा वेगळा. तुमच्याकडे एक तरी शर्ट बरा बसणारा असेल, तो पलंगावर सपाट पसरा आणि या बगलेपासून त्या बगलेपर्यंत टेप लावा. ३४ छातीला तो आकडा १९ इंचाच्या आसपास असेल तर बरोबर, म्हणजे घेर ३८, चार इंच सैलपणा, हात हलवायला तेवढा लागतोच. खांद्याचं मापही तसंच घ्या आणि मग कंपनीच्या चार्टमध्ये शर्टाचं माप दिलंय का अंगाचं ते आधी वाचा, ही चूक सगळ्यात जास्त होते.

तिसरी वाट म्हणजे टेलर आणि मला विचाराल तर आपल्यासारख्यांनी ऑफिसचे शर्ट शिवूनच घ्यावेत. म्हापशाच्या बाजारात कामाला जाताना एका जुन्या टेलरकडे मी पहिल्यांदा मापं दिली. त्यानं माझा अंगातला शर्ट खांद्यावर दोन बोटांत धरला, शिवण ओढून हाडावर आणली, तिथं टाचणी मारली आणि आरशात बघ म्हणाला. बाकी काहीच केलं नव्हतं, एक खांदा टाचलेला, दुसरा लोंबणारा, आणि अर्धा माणूस ताठ उभा असल्यासारखा दिसत होता. मी बराच वेळ बघत राहिलो. त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं अडचण अंगात नव्हती, निदान सगळी तरी नव्हती.

टेलरला नुसतं "फिटिंगमध्ये शिवा" सांगू नका, त्याचा अर्थ प्रत्येकजण वेगळा काढतो. हे सांगा. मुंढा वर घ्या, म्हणजे बगलेत कापड लोंबत नाही आणि हात वर केला तरी शर्ट पँटीतून बाहेर येत नाही. कॉलर लहान ठेवा, मोठ्या कॉलरमध्ये बारीक मान बुडून जाते. खिसा पण लहान. अर्धी बाही दंडाच्या मध्यावर संपू दे, कोपरापर्यंत आणू नका, आणि बाहीचा घेर असा की आत दोन बोटं जातील, चार नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड, जास्त सोडा, दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच तरी. वाढत्या अंगाची सोय ती हीच, शर्ट आज अंगाला बसला पाहिजे आणि उद्याची जागा आत शिवणीत राहिली पाहिजे. कापड सुती किंवा खादी असेल तर आधी पाण्यातून काढून वाळवून मगच शिवायला द्या, नाहीतर नेमकं शिवलेलं पहिल्या धुण्यात आटतं.

कापडाचं थोडं आपल्या हवेप्रमाणे. बाहेरच्या लोकांचे सल्ले वाचले तर बारीक माणसानं टी-शर्टवर शर्ट, वर जॅकेट, असं थरावर थर घालावं म्हणतात. गोव्यात मे महिन्यात करून बघा. इथं घाम जिरायला पाहिजे, म्हणून भर द्यायची तर कापडाच्या पोतानं द्या. जाडसर विणीचा ऑक्सफर्ड, लिनन, खादी, ही कापडं अंगापासून थोडी लांब उभी राहतात. पातळ पॉलिस्टर घामानं चिकटतं आणि बरगड्या मोजता येतात. लिनन चुरगळतं ते खरं, मला त्याचं काही वाटत नाही. पँटीत स्किनी नको, पाय काड्यांसारखे दिसतात आणि बूट होडीएवढे, बॅगीही नको, सरळ खाली निमुळती होत जाणारी, मोहरी, म्हणजे खालच्या टोकाचा घेर, १३-१४ इंच, घोट्यावर घड्या पडणार नाहीत एवढीच लांब.

आता अंगाचं. आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की लहान हाडांत ताकद येत नाही. सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात १३५ किलो डोक्यावर उचलून रौप्य मिळवलं. ५५ किलो, म्हणजे भाच्यापेक्षा फक्त पाच किलो जास्त. आणि १९५२ साली मिस्टर युनिव्हर्स या शरीरसौष्ठव स्पर्धेत आपल्या गटात जिंकलेले मनोहर ऐच ४ फूट ११ इंच उंचीचे होते, आणि १०४ वर्षं जगले. आपण तिथं जाणार नाही, जायचंही नाहीये, पण चण लहान आहे हे न करण्याचं कारण होऊ शकत नाही. उलट लहान चणीवर तीन किलो स्नायू चढले तरी लगेच दिसतात. खांद्याचं हाड रुंद होणार नाही, मनगटही जाड होणार नाही, ते मान्य करा, पण खांद्याचा गोळा, छातीचा वरचा भाग आणि पाठ भरली की त्याच हाडावर माणूस वेगळा दिसतो.

जीम की घर? घरी पुशअप्स, दाराला बार लावून पुलअप्स, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरून स्क्वाट्स, पहिले तीन महिने एवढ्यावर मस्त जातात. अडचण पुढे येते. स्नायू वाढतो तो दर थोड्या दिवसांनी वजन किंवा रेप्स (एका दमात किती वेळा उचललं ते) वाढवल्यावर, आणि घरी पायांना आणि पाठीला वाढवायला वजनच उरत नाही. जीममध्ये दोन-अडीच किलोनं वाढवत जाता येतं. आठवड्यात तीन दिवस, स्क्वाट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, शोल्डर प्रेस, रोईंग, पुलअप, आणि खांद्याच्या बाजूसाठी हलक्या डंबेलनं लॅटरल रेज, बहुतेक ८ ते १२ रेप्स, आणि आज किती उचललं ते वहीत लिहायचं. वही नसेल तर तुम्ही वर्षभर तेच वजन उचलत राहाल, मी राहिलो होतो. पण जीम घरापासून दहा-पंधरा मिनिटांत पाहिजे. जून लागला की स्कूटरवर रेनकोट घालून लांब जायचं रोज जिवावर येतं आणि पावसाळ्यात सुटलेली जीम चवथीनंतरच सुरू होते. लांब असेल तर वजन बदलता येणारे डंबेल आणि एक बार घ्या, घरीच करा.

खाण्याचं मात्र दोन्हीकडे सारखंच, इथंच बारीक माणसं हरतात. व्यायाम करणाऱ्याला प्रोटीन अंगाच्या किलोमागे साधारण १.६ ग्रॅम लागतं, ५० किलोला ८० ग्रॅम. मला सुरुवातीला एका जीममध्ये मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, मोठा डबा गळ्यात मारला, त्यात बहुतेक साखरेच्याच जातीची पूड होती, पोट बिघडलं आणि पैसे गेले. त्यापेक्षा आपल्या ताटाकडे बघा. सकाळी तीन अंडी आणि दोन उंडे (आपले गोल कडक पाव), १८ ग्रॅम तर अंड्यांचेच. दुपारी शीत-कडीबरोबर, म्हणजे भात-आमटीबरोबर, दोन बांगडे, २५-३० ग्रॅम. अर्धा लिटर दूध, १६. रात्री अळसांद्याचं तोणाक (मोठ्या चवळीची रस्सा भाजी) किंवा चिकन, वर भात आणि पाव आहेतच त्यांचंही थोडं येतं. ८० होतात. भात कमी करू नका, वजन वाढायला रोजच्यापेक्षा तीनशे-चारशे कॅलरी जास्त लागतात आणि त्या भातातूनच सोप्या जातात.

व्हे पावडर वाईट नाही, ते दुधातलंच प्रोटीन आहे, पण कधी घ्यायची तर मासे नसतील तेव्हा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, जे मिळतं ते महाग, आणि पाठोपाठ श्रावण, आमच्या घरी चवथीपर्यंत नुस्तं, म्हणजे मासे, नाही. या दोन-तीन महिन्यांत माझं वजन दरवर्षी उतरायचं आणि मला कारण कळायचं नाही. आता मी आधीच सोय करतो, ५० ग्रॅम सुके सोया चंक्स म्हणजे २५ ग्रॅम प्रोटीन, पनीर, दही, अळसांदे, आणि एक स्कूप व्हे. क्रिएटिन मोनोहायड्रेट ही ताकदीसाठी घेतात ती पूड रोज ३ ते ५ ग्रॅम, स्वस्त आहे आणि काम करतं, पाणी भरपूर प्या, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जीममध्ये कोणी स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल हळू आवाजात बोलला तर जीम बदला. आणि भरपूर खाऊनही वजन घटतच असेल तर व्यायामाच्या आधी शुगर आणि थायरॉईड तपासून घ्या.

भाच्यानं शेवटी दोन शर्ट शिवायला टाकले, एक पँट अल्टर केली आणि तीन महिन्यांची फी भरली. माझं म्हणाल तर ५० वरून ५७ व्हायला मला चौदा महिने लागले. गेल्या महिन्यात म्हापशाच्या टेलरनं शिवलेला तो पहिला करडा शर्ट छातीला ओढायला लागला म्हणून परत म्हापशाला गेलो. टेलरनं बाजूची टीप उसवली, मायेतून दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सोडला आणि नवीन टीप मारली. खांद्याला हातही लावला नाही, तो अजून तिथंच बसतोय.