लक्ष्मीपुरीतले रेकॉर्ड-दुरुस्तीचे दुकान आणि हेवी मेटलच्या दुर्मिळ तबकड्या

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या एका बोळात, जिन्याखालच्या जागेत, रेकॉर्ड आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे एक दुकान आहे. पाटी नाही, दारात टांगलेला जुना भोंगा हीच खूण. तिथे बहुतेक ग्राहक नाट्यसंगीताच्या तबकड्या घेऊन येतात. मी मात्र गावोगावच्या अपरिचित हेवी मेटल (कर्कश गिटारचे जोरकस रॉक संगीत) बँडनी पदरचे पैसे घालून काढलेल्या रेकॉर्ड जमवतो, आणि त्यांची देखभाल आता याच दुकानावर सोपवली आहे.

या रेकॉर्ड जपाव्या लागतात, कारण त्यांच्या प्रतीच मुळात थोड्या निघाल्या. इंग्लंडमधल्या स्टूरब्रिजच्या डायमंड हेड या बँडची १९८० ची पहिली रेकॉर्ड नाव नसलेल्या कोऱ्या पांढऱ्या कव्हरात, बँडमधल्या एकाच्या सहीनिशी, सुरुवातीला अवघ्या हजार प्रतींत निघाली. त्याहूनही अपरिचित बँडच्या मूळ ध्वनिफिती पुष्कळदा कुणी सांभाळल्याच नाहीत, त्यामुळे तबकडीवर पडलेला एक ओरखडा म्हणजे त्या संगीताचे कायमचे नुकसान असते. पूर्वी एका ठिकाणी जुन्या लाखेच्या तबकड्यांच्या जाड सुईने माझी रेकॉर्ड वाजवून पाहिली गेली आणि पहिले गाणे खरखरीत झाले, ते अजून सलते.

इथे दुरुस्ती करणारे मामा ती चूक कधीच करत नाहीत. लाखेच्या तबकडीला सुमारे ७० मायक्रॉनची सुई, विनाइलला, म्हणजे माझ्या रेकॉर्डसारख्या प्लास्टिकच्या तबकडीला, १८ ची, आणि दोन्हींच्या धुण्याची द्रावणेही वेगळी. कारण अल्कोहोलने लाख विरघळते, विनाइलला पातळ केलेले अल्कोहोल सोसते. मग ते रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरतात आणि शेवटची खाच संपून लेबल सुरू होण्याआधीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक भिंगातून वाचून वहीत उतरवतात. नकली प्रती ओळखायला पुष्कळदा हाच क्रमांक उपयोगी पडतो. “गाणं कळत नाही मला, पण खाच कळती,” असे ते म्हणाले होते, आणि ते शब्दशः खरे आहे. खर्च वाचवण्यासाठी एका बाजूवर पंचवीस मिनिटे कोंबली की आवाज दबतो, शेवटच्या गाण्यात गिटार फाटल्यासारखे वाजते. सुईचा कोन आणि वजन त्यांनी नीट बसवून दिल्यापासून तो त्रास पुष्कळ कमी झाला.

एक अडचण त्यांनी फार सुंदर सोडवली. अमेरिकेतल्या सात इंची रेकॉर्डना बऱ्याचदा मधले भोक ३८ मिलिमीटरचे असते, आपल्या प्लेअरचा दांडा मात्र जेमतेम सात मिलिमीटरचा. मामांनी उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवर पितळेची चकती कातून आणली. ती इतकी नेमकी बसली, की रेकॉर्ड तसूभरही हलत नाही आणि सूर डगमगत नाही.

तक्रार एकच: धुतलेली रेकॉर्ड ते वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, तेव्हा आतले स्वच्छ पाकीट आपणच न्यावे. काम व्हायला आठवडा लागतो, सोमवारी दुकान बंद असते.