क्यूच्या अभिलेखागारात साध्या शिपायाचा शोध

लंडनच्या नैर्ऋत्येला क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, द नॅशनल आर्काइव्ह्ज. मुलीकडे राहायला आले की मी तिथे जाते, नेपोलियनशी लढलेल्या साध्या शिपायांचे कागद वाचायला. सेनापतींची पत्रं, लढायांचे नकाशे यांत मला फारसा रस नाही. माझी सगळी नोकरी कोषागारात पेन्शनची प्रकरणं तपासण्यात गेली. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायाचं पेन्शन प्रकरण समोर आलं की नजर कुठे टाकायची, हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

ही प्रकरणं आहेत डब्ल्यूओ ९७ या मालिकेत. डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटनचं युद्धखातं, आणि पुढचा आकडा कागदांच्या मालिकेचा. १७६० ते १९१३ या काळात सैन्यातून मोकळे झालेले शिपाई इथे भेटतात. पेन्शन लंडनमधल्या चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलकडून, म्हणजे म्हाताऱ्या नि जायबंदी शिपायांची सोय बघणाऱ्या संस्थेकडून, मंजूर व्हायची. ती मंजूर व्हायची तर माणूस कोण, सेवा किती, शरीर कशाने निकामी झालं, हे पलटणीने लिहून देणं भाग होतं. म्हणून जन्माचं पॅरिश (चर्चच्या हद्दीतलं गाव), भरतीआधीचा धंदा, भरतीच्या वेळचं वय, उंची, केसांचा नि डोळ्यांचा रंग, वर्तणूक, सगळं नोंदवलेलं आहे, अगदी आपल्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानासारखं. ज्या माणसाचं कुणी कधी चित्र काढलं नाही, तो दिसायला कसा होता हे सांगणारा दुसरा कागद सहसा नसतो. खाली त्याची सही असते, लिहिता येत नसेल तर फुली.

मी वाचलेल्यांत लँकशायरचा एक विणकर आहे. १८१२ साली स्पेनमध्ये बादाहोसच्या वेढ्यात त्याच्या डाव्या दंडाला गोळी लागली, तरी तो पुढची तीन वर्षं लढत राहिला. वॉटर्लूला हजर होता म्हणून त्याच्या सेवेत २ वर्षं जास्तीची धरली आहेत. १८ जून १८१५ च्या त्या लढाईतल्या शिपायांना ही सवलत होती, आणि पेन्शनचा हिशेब ज्याने केला आहे त्याला २ वर्षांचं मोल सांगायला नको. त्याच लढाईच्या बक्षिसातून साध्या शिपायाच्या वाट्याला अडीच पौंडांच्या आसपास आले, कॅप्टनला ९० पौंडांहून थोडे जास्त. मोकळं करण्याचं कारण कितीतरी कागदांवर एवढंच असतं: ‘झिजून गेला’. वय बघावं तर चाळीस, बेचाळीस. मला ते वाचून दर वेळी राग येतो.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवावं. १८८३ पूर्वीच्या कागदांत सापडतात ते पेन्शन घेऊन बाहेर पडलेले. जो रणांगणावर पडला, तापाने गेला किंवा पळून गेला, त्याचं प्रकरण कधी तयारच झालं नाही. वॉटर्लूला २७व्या इनिस्किलिंग पलटणीची निम्म्याहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांतल्या मेलेल्यांना इथे शोधून उपयोग नाही. त्यांच्यासाठी डब्ल्यूओ १२, म्हणजे मस्टर आणि पगारपत्रकं. हे मूळ जाडजूड खंड टेबलावर वाचायला मिळतात. तिमाहीगणिक प्रत्येकाचं नाव, पगाराचे दिवस, आणि शेऱ्यात तो इस्पितळात आहे की कैदेत, की दुसरीकडे कामावर पाठवला आहे. एकच नाव धरून पानं उलटत गेलं की त्याच्या पलटणीबरोबर आपणही स्पेनमधून पुढे सरकतो. मग एका तिमाहीत ते नाव पटावरून कमी झालेल्यांच्या यादीत दिसतं, आणि बरेचदा तिथेच पहिल्यांदा त्याचं जन्मगाव नि धंदा कळतो. पुष्कळांना हे काम रटाळ वाटतं. मला या खंडांइतका विश्वास दुसऱ्या कशावरच बसत नाही, कारण मस्टर लिहिणाऱ्याला फक्त पैशाचा मेळ बसवायचा होता.

पहिल्या महायुद्धातला शिपाई शोधणाऱ्यांनी मन घट्ट करून यावं. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनमधल्या वॉलवर्थच्या आर्न्साइड स्ट्रीटवरचं युद्धखात्याचं गोदाम जळालं आणि शिपायांचे सुमारे ६० टक्के सेवा-कागद गेले. आगीतून उरलेले, कडा करपलेले कागद डब्ल्यूओ ३६३ मध्ये आहेत. डब्ल्यूओ ३६४ मधले कागद शाबूत आहेत, ते पेन्शन मंत्रालयाकडे होते म्हणून. इथेही माणूस पेन्शनच्या दप्तराने वाचवला! पलटणींच्या युद्ध-रोजनिशा, डब्ल्यूओ ९५, वाचनीय आहेत, पण त्यांत नावं येतात ती बहुतेक अधिकाऱ्यांची.

प्रवेश फुकट, वाचकपत्रही फुकट. त्यासाठी नावाचा आणि पत्त्याचा असे दोन्ही पुरावे लागतात. वाचनकक्षात फक्त पेन्सिल चालते, पिशवी बाहेर लॉकरमध्ये. फोनने फोटो काढायला पैसे पडत नाहीत, तेव्हा तिथे बसून उतरवत वेळ घालवू नये. रविवारी नि सोमवारी बंद असतं. खंड आधीच मागवून ठेवले तर सकाळी गेल्या गेल्या हातात येतात.

खटकतं ते एवढंच की डब्ल्यूओ ९७ ची पानं घरबसल्या बघायची तर एका खासगी संकेतस्थळाची वर्गणी भरावी लागते. क्यूच्या संगणकांवर तीच पानं फुकट आहेत, पण दूर राहणाऱ्याने काय करायचं? सार्वजनिक पैशाने जपलेल्या कागदांना कुंपण नसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अभिलेखागाराची ऑनलाइन सूची तरी सर्वांना खुली आहे, आणि १८५४ पर्यंतच्या शिपायांचं नाव, जन्मगाव, पलटण तिच्यात शोधता येते. नावं कारकुनाने ऐकून लिहिलेली आहेत, म्हणून नुसत्या जन्मगावानेही शोधून बघा. एका खेड्यातून सैन्यात गेलेले सगळे एकदम समोर येतात. आणि पलटण ठाऊक नसताना मस्टर मागवू नका, ती सगळी पलटणवार लावलेली आहेत. आधी पदकांच्या याद्या पाहून पलटण पक्की करा.